अर्ज भरा की अर्ज मरा?

मागच्या खरिपात आमच्या जालन्याकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर फिरत होतं. पीक विम्याचं. मागे हिरवंगार शेत, वर सकाळचं पांढरट आकाश, आणि त्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं, भोवती पिवळाच ग्लो. शेवटची तारीख आकाशात होती. म्हणजे खरोखरच आकाशात, त्यामुळे ती कुणालाच दिसत नव्हती. काकूने पोस्टर मोठ्याने वाचलं: "शेतकऱ्यांनो, आजच अर्ज मरा." सगळे हसले. काकू काही हसली नाही. "जे लिहिलंय तेच वाचलं मी," म्हणाली. झूम करून बघितलं तर काकूचं बरोबर होतं. 'भ'च्या डोक्यावरची फट त्या ग्लोने बुजवून टाकली होती, आणि 'भ'चा 'म' झाला होता.

पोस्टर कुणी केलं होतं ते सोडून द्या, तसली शेकडो असतात. पण तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. मराठी अक्षरं ही अशी चित्रावर चढली कधी? आणि चढली ती उतरत का नाहीत? व्यवसायाने मी वेबवाला, त्यामुळे हा प्रश्न तसा माझ्या पोटापाण्याचाही आहे. (जालन्याचा माणूस आंतरजालावर पोट भरतो या कोट्या ऑफिसात केव्हाच करून झाल्यात, तेव्हा तुम्ही करू नका.)

आधी लिपीबद्दल थोडं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. फोटोवर इंग्रजी अक्षर टाकलं आणि देवनागरी टाकलं, तर दोघांचे हाल सारखे होत नाहीत. देवनागरी ही तीन मजली लिपी. मधल्या मजल्यावर शिरोरेषेला लटकलेली अक्षरं. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटीची कमान, रफार, अनुस्वार. तळमजल्यावर उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीतल्या छोट्या 'आय'वरचं टिंब उडालं तरी शब्द कळतो. आपल्याकडे टिंब उडालं की 'चिंता करू नका'चं 'चिता करू नका' होतं. रफार उडाला की 'कर्ज'चं 'कज' होतं, आणि कज म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही.

आता हा वरचा मजला चित्रात कुठे येतो बघा. डिझाइन करणारा बहुधा मजकूर वरच्या भागात टाकतो, कारण तिथे 'मोकळी जागा' असते. ती मोकळी जागा म्हणजे आकाश. आकाश फोटोतला सगळ्यात उजळ भाग, आणि त्यात ढग असले तर दर दहा पिक्सेलला वेगळा उजळ. म्हणजे शब्दाचा जो भाग सगळ्यात बारीक आणि अर्थासाठी सगळ्यात महत्त्वाचा, तोच सगळ्यात वाईट जागी जाऊन बसतो. शिरोरेषेचंही तसंच. ती आडवी असते. आणि शेताच्या फोटोत काय असतं? बांध, क्षितिज, विजेच्या तारा, ठिबकच्या नळ्या. सगळं आडवं. रेषेत रेष मिसळली की शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळेनासं होतं. इंग्रजीला ही भानगडच नाही, कारण त्यांची अक्षरं रेषेला लटकत नाहीत.

आणि मग 'भ-म', 'ध-घ' या जोड्या. या जोड्यांमधला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या एका फटीवर ठरतो. रेष तुटली तर भ, अखंड असली तर म. अक्षर उठून दिसावं म्हणून आपण त्याला ग्लो देतो, सावली देतो, जाड किनार देतो, आणि नेमकी तीच फट बुजते. 'भाव' म्हणता 'माव', 'धन' म्हणता 'घन'. अक्षर वाचवायला केलेला उपाय अक्षरालाच खातो.

त्यावर जेपीजीची मेहेरबानी. जेपीजी फाइल लहान करताना उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी जपते, पण रंगाचा तपशील सहसा निम्म्यावर आणते, कारण माणसाचा डोळा रंगाच्या बारकाव्याला तितका तीक्ष्ण नसतो. झाडाच्या फोटोला हे चालून जातं. पण हिरव्या शेतावर लाल अक्षरं असतील, आणि त्या हिरव्याचा आणि लालचा उजेड साधारण सारखाच असेल, तर अक्षराची कड फक्त रंगावर उभी असते. ती विरघळते. कुणी ते चित्र डाउनलोड करून पुन्हा ग्रुपवर टाकलं की ते पुन्हा दाबलं जातं. तिसऱ्या ग्रुपपर्यंत अनुस्वार म्हणजे नुसता डाग उरतो.

थोडे आकडे देतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. वेबवर अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक मोजायची एक पद्धत आहे. काळ्यावर पांढरं म्हणजे २१, पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम डिसेंबर २००८ मध्ये आले (दुसरी आवृत्ती), त्यांच्यात साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ मागितलेत. शुद्ध पिवळं पांढऱ्यावर टाका: १.०७. आपल्याकडे सगळ्यांचा लाडका भगवा, त्यावर पांढरी अक्षरं: साधारण २.१. फोटोवर काळा अर्धपारदर्शक पडदा टाकायचा आणि वर पांढरी अक्षरं लिहायची, ही आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती. पण पडदा ५०% असेल आणि मागे पांढरं आकाश असेल तर उत्तर येतं ३.९५, म्हणजे नापास. ६०% केला तर ५.७४, पास. पण तेव्हा फोटोची पार रया जाते आणि क्लायंट म्हणतो, "फोटो एवढा काळा का दिसतोय?" आणखी एक. त्या नियमांमध्ये 'मोठं अक्षर' म्हणजे किती मोठं हे सांगताना चिनी, जपानी, कोरियन लिप्यांचा वेगळा उल्लेख केलाय. देवनागरीचा नाही. आपल्या तीन मजल्यांचा हिशोब तिथे कुणी धरलेला नाही.

आता इतिहास. आपली जुनी माणसं चित्र आणि मजकूर यांची गाठ कशी घालायची?

बहुतेक वेळा घालायचीच नाहीत. आमच्या शेजारच्या पैठणची ती प्रसिद्ध चित्रकथी चित्रं घ्या, किंवा तिकडे कोकणात पिंगुळीची. चित्र समोर धरायचं आणि गोष्ट तोंडाने सांगायची. मजकूर चित्रकथ्याच्या गळ्यात, चित्र त्याच्या हातात. दोघांची गर्दी होण्याचा प्रश्नच नाही.

छपाई आली तेव्हा खिळ्यांनीच शिस्त लावली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि देवनागरीच्या सुबक टायपासाठी तो नावाजला गेला. पण टाइप कितीही सुबक असला तरी धातूचा खिळा चित्राच्या ब्लॉकवर चढू शकत नाही. दोन्ही एकाच चौकटीत आवळायचे, पण शेजारी-शेजारी. चित्रावर अक्षर हवंच असेल तर ते ब्लॉकमध्येच कोरून घ्या, आणि त्याचे वेगळे पैसे मोजा. म्हणून जुन्या लग्नपत्रिकेत गणपती वर आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' खाली. त्यात कुणाची सौंदर्यदृष्टी होती असं मला वाटत नाही, तंत्राची अडचण होती. पण वाचणाऱ्याचा फायदा झाला.

शिळाछापात ही अडचण नव्हती, कारण दगडावर चित्रही हाताने काढायचं आणि अक्षरही हातानेच. तरीसुद्धा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या (आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या) रविवर्मा प्रेसच्या देवदेवतांच्या चित्रांत नाव बहुधा खालच्या पट्टीत येतं, लक्ष्मीच्या पदरावर नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये मजकुराच्या पाट्या स्वतंत्र. चित्र थांबायचं, पाटी यायची, लोक वाचायचे, पुन्हा चित्र. पुढे बोलपट आले, सबटायटल्स आली, ती थेट चित्रावर. रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागणाऱ्या प्रादेशिक सिनेमांबद्दल वडील अजून तक्रार करतात: पांढऱ्या धोतरावर पांढरी सबटायटल्स, बंगाली बाबू पडद्यावर आला की संवाद गायब.

चित्रावर अक्षर उत्तम करून दाखवणारेही आपल्याकडे होते, हे मान्य केलं पाहिजे. दीनानाथ दलाल स्वतः चित्रकार आणि १९४५ पासून 'दीपावली' अंकाचे स्वतःच संपादक. मुखपृष्ठ काढणारा आणि त्यावर काय छापायचं हे ठरवणारा माणूस एकच. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे, दुकानाच्या पाट्या रंगवणारे पेंटरही तसेच. हिरोचा चेहरा कुठे संपवायचा आणि नाव कुठून सुरू करायचं हे एकाच हाताला माहीत होतं. अक्षर बसत नसेल तर पेंटर ढग थोडा वर ढकलायचा. चित्र त्याचंच होतं ना!

वेबवर ढग कुणाचाच नाही. फोटो एकाने काढलेला, मजकूर दुसऱ्याने लिहिलेला, पेज तिसऱ्याने बांधलेलं, आणि सहा महिन्यांनी चौथा कुणीतरी येऊन फोटो बदलणार. पाचवा म्हणजे वाचणाऱ्याचा फोन, तो स्वतःच्या मापाने फोटो कापणार. कॉम्प्युटरवर जे अक्षर झाडाच्या सावलीत गुण्यागोविंदाने बसलेलं असतं, ते उभ्या फोनवर साहेबांच्या तोंडावर येतं.

पण मराठी वेबवर अक्षरं चित्रात गेली ती सुंदर दिसण्यासाठी नाही. ती नाइलाजाने गेली. आमच्या पिढीला हे माहीतच नसतं, कारण आम्ही मोबाइल उघडला तेव्हा मराठी आपोआप दिसत होतं. मला हे ऑफिसातल्या सीनियर मंडळींकडून आणि जुन्या पेजेसचे सांगाडे उपसून कळलं.

क्रम असा. सी-डॅक पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालं, आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान तिथे वाढलं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची प्रमाण संकेतपद्धती तयार झाली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती, आणि तिची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. म्हणजे 'ज'ला कुठला क्रमांक आणि 'ल'ला कुठला, हे १९९१ मध्येच ठरलेलं होतं. वेबपेजवर चित्र दाखवायचा टॅग आला त्यानंतर, १९९३ मध्ये. व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. कागदावर बघितलं तर मराठी वेळेवर, किंबहुना वेळेच्या आधीच तयार होती.

घोडं अडलं ते दाखवण्यात. देवनागरी नुसती क्रमाने मांडून चालत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी साठवली जाते नंतर, दिसते आधी. 'र्' आणि 'क' मिळून रफार वर चढतो. हे सगळं जुळवणारं यंत्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लागतं, आणि ते विंडोजमध्ये आलं २००० साली, मंगल फॉन्टबरोबर. एक्सपीमध्येसुद्धा ते आपसूक चालू नसायचं, सेटिंगमध्ये जाऊन, विंडोजची सीडी घालून बसवावं लागायचं. जालन्यातल्या सायबर कॅफेत ते कोण करत बसणार!

मधल्या काळात लोकांनी जुगाड केले. पहिला जुगाड म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट. प्रत्येक कंपनीची बसवण्याची पद्धत वेगळी. पेज उघडायचं तर आधी तो फॉन्ट उतरवून घ्या, नाहीतर समोर नुसता कचरा. दुसरा जुगाड, १९९७ च्या सुमारास नेटस्केप आणि एक्स्प्लोरर यांनी आणलेले डायनॅमिक फॉन्ट: पेजबरोबर फॉन्टही यायचा. दोघांच्या पद्धती अर्थातच एकमेकांशी न जुळणाऱ्या. मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स बरीच वर्षं असल्या फॉन्टवर चालल्या.

आणि तिसरा जुगाड, सगळ्यात सोपा, सगळीकडे चालणारा: मराठी मजकूर टाइप करा, त्याचं चित्र बनवा, चित्र पेजवर डकवा. जीआयएफ. फॉन्ट नको, सेटिंग नको, ब्राउझरची कटकट नको. मथळे चित्रात, मेनू चित्रात, 'मुख्य पान' आणि 'संपर्क' ही बटणं चित्रात, कधीकधी अख्खी कविता चित्रात. तेव्हा हे करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांना मराठी दाखवायची होती आणि दुसरा खात्रीचा रस्ता नव्हता.

पण किंमत बघा. 'जालना' या शब्दात युनिकोडचे ५ संकेत आहेत: ज, काना, ल, न, काना. साठवायला लागतात १५ बाइट. त्याच शब्दाचं मथळ्याएवढं चित्र केलं तर एखादा केबी सहज, म्हणजे साठ-सत्तर पट. ५६ केबीपीएसचा मोडेम कागदावर सेकंदाला ७ केबी ओढायचा, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. ७० केबीचं एक चित्र म्हणजे दहा सेकंद, आणि फोनचं मीटर चालू.

वेळेची किंमत तरी त्या-त्या दिवशी चुकती झाली. जी अजून चुकवतोय ती वेगळी आहे. चित्रातल्या शब्दाचा १५ बाइटांचा 'जालना' कुठेच नसतो, असतात फक्त रंगीत ठिपके. गूगल १९९८ मध्ये आलं, पण त्याच्या लेखी ही पानं कोरी होती. ठरावीक फॉन्टमधली पानं तर कोरीहूनही वाईट, कारण तिथे निरर्थक रोमन अक्षरांची भेळ साठवलेली होती. २००३ च्या सुमाराच्या मराठवाड्यातल्या दुष्काळाबद्दल त्या वेळच्या मराठी वेबवर काय लिहिलं गेलं ते शोधून बघा. मग २०१२-१३ च्या दुष्काळाबद्दल शोधा, जेव्हा आमच्याकडे मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. दुसऱ्याबद्दल ढीगभर सापडेल, पहिल्याबद्दल हाताला फारसं काही लागत नाही. दुष्काळ दोन्ही वेळेला होता, आणि बातम्याही दोन्ही वेळेला आल्या. मधल्या काळात फक्त मराठी चित्रांतून आणि खासगी फॉन्टांतून बाहेर पडून अक्षरांत आली होती. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, 'मनोगत' २००४ मध्ये, आणि दशक संपेपर्यंत बहुतेक वर्तमानपत्रंही युनिकोडवर आली.

इंटरनेट आर्काइव्हमध्ये जुनी मराठी पानं आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि ती बघून पोटात तुटतं. पेजचा सांगाडा जतन झालेला असतो, चित्रं पुष्कळदा झालेली नसतात. इंग्रजी पानातलं चित्र गेलं तर चित्र गेलं. मराठी पानातलं चित्र गेलं की मजकूरच गेला. समोर तुटक्या चौकोनांची रांग. चित्राला पर्यायी मजकूर देणं डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये सक्तीचं झालं होतं, पण तो मजकूर मराठीत द्यायचा कसा? मराठी अक्षर दाखवता येत नाही म्हणून तर चित्र केलं! त्यामुळे तिथे एकतर काहीच नाही, किंवा रोमनमध्ये एखादा शब्द. तेवढ्या एका शब्दावरून अख्खा लेख कसला असेल याचा अंदाज बांधायचा.

आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा विचारायचीही सोय नव्हती. आज आहे. फोनमध्ये टॉकबॅक आहे, तो मराठी मजकूर ऐकवतो, फार गोड नाही पण ऐकवतो. पण विम्याच्या पोस्टरवर बोट ठेवलं तर तो 'फोटो' एवढंच म्हणतो. वर उल्लेख केलेल्या २००८ च्या नियमांत 'मजकुराची चित्रं टाळा' असं स्वतंत्र कलम आहे. भारत सरकारच्या वेबसाइटांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांतही सुगम्यतेवर भर आहे. जिल्ह्यांच्या सरकारी साइट्स आता ज्या सामाईक साच्यावर चालतात, त्याच्या नावात तर 'सुगम्य' हा शब्दच घातलाय. साच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चांगल्यातल्या चांगल्या साच्यात कुणी सूचनेचा जेपीजी चढवला की साचा काय करणार?

मग युनिकोड आल्यावर ही सवय मोडायला हवी होती. मोडली नाही, कारण नाइलाज नवीन रूपात परत आला. सुरुवातीच्या स्मार्टफोनना देवनागरी येत नव्हती. अँड्रॉइडच्या ४.० आवृत्तीआधी, म्हणजे २०११ आधी, बहुतेक फोनवर मराठी म्हणजे चौकोन किंवा विस्कटलेल्या वेलांट्या. पुन्हा तोच खात्रीचा रस्ता: चित्र करून पाठवा. दुसरं कारण डिझाइनवाल्यांकडचं. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी कितीतरी वर्षं नीट जुळत नव्हती. 'शेतकऱ्यांनो'मधला तो खास मराठी 'ऱ्या' तर हमखास मोडायचा. म्हणून डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या जुन्या, हात बसलेल्या फॉन्टवर काम करत राहिले. त्यांच्याकडून बाहेर पडायचा तो थेट जेपीजी किंवा फ्लेक्स. मजकूर द्या म्हटलं तर त्यांच्याकडे देण्यासारखा मजकूरच नसायचा.

आज यातलं एकही कारण उरलेलं नाही. स्वस्तातला स्वस्त फोन मराठी व्यवस्थित दाखवतो. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, कागदपत्रांची यादी, हेल्पलाइन नंबर हे सगळं चित्रातच येतं. नंबर कॉपी होत नाही, पाठ करून डायल करावा लागतो. दोन महिन्यांनी ग्रुपमध्ये 'विमा' शोधलं तर पोस्टर सापडत नाही, "काका विम्याचं काय झालं" हा प्रश्न तेवढा सापडतो. गूगल लेन्स चित्रातली मराठी आता बरीच वाचते, हे खरं आहे. पण तीही अडखळते ती नेमकी तिथेच, जिथे माणूस अडखळतो: ढगावरचा अनुस्वार, बुजलेली फट.

मध्यंतरी ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या साइटबद्दल बोलणं चाललं होतं. जालन्यात सळ्यांचे कारखाने भरपूर. त्याला पहिल्याच पानावर भट्टीतून ओतल्या जाणाऱ्या तप्त लोखंडाचा फोटो हवा होता, आणि त्यावर पांढऱ्या मराठीत कंपनीचं ब्रीदवाक्य. वितळलेलं लोखंड फोटोत कसं येतं? पिवळट पांढरं, मधोमध निव्वळ पांढरं. मी म्हटलं, फोटो पूर्ण मोठा लावू, वाक्य खाली साध्या पट्टीवर घेऊ. त्याला ते 'स्वस्त' वाटलं. म्हणाला, "मोठ्या कंपन्यांचं बघा, सगळं फोटोवर असतं." त्याचंही चूक नाही. मोठ्या कंपन्या फोटोच असा काढून घेतात की एक बाजू रिकामी आणि गडद राहील, म्हणजे दलालांचीच युक्ती, फक्त पैसे खर्चून. आपण फुकटचा फोटो घेतो आणि त्याच्याकडून तीच अपेक्षा करतो. बऱ्याच घासाघिशीनंतर त्याने पट्टी मान्य केली, पण पट्टी भगवी हवी, अक्षरं पांढरी. २.१! शेवटी भगव्यावर गडद तपकिरी अक्षरांवर तडजोड झाली.

खरं तर जालन्याच्या माणसाला हे शिकायला वेबकडे बघायची गरज नाही. आमचं गाव बियाण्यांचं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि त्यांच्यामागून कितीतरी बियाणं कंपन्या इथे उभ्या राहिल्या. बियाण्याची पिशवी नीट बघितलीय कधी? समोर फुटलेल्या कापसाचा भलामोठा फोटो, त्यावर वाणाचं नाव तिरकं, सोनेरी, सावलीसकट. त्या बाजूला पाहिजे तेवढी हौस. पण उगवणक्षमता किती टक्के, शुद्धता किती, लॉट नंबर काय, चाचणी कधी झाली, हे कापसाच्या बोंडावर छापलेलं नसतं. त्यासाठी १९६६ चा बियाणे कायदा आणि त्याखालचे १९६८ चे नियम आहेत, आणि लेबल वेगळं. त्याचा रंगही ठरलेला, सपाट, एकच: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असेल तर खाण्यासाठी वापरू नये ही सूचनाही द्यावीच लागते. कीटकनाशकाच्या डब्यावर तो उभा चौकोन असतो ना, त्यातही धोक्याचं चिन्ह आणि शब्द वरच्या अर्ध्या भागात, आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग खालच्या अर्ध्या भागात.

जूनमध्ये मोंढ्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात तासभर उभं राहा. गिऱ्हाईक पिशवी हातात घेतं, फोटोकडे एकदा बघतं, आणि मग पिशवी उलटी करून लेबल वाचायला चष्मा काढतं.